खाली ठेवलं तर हरवेल

कसबा पेठ, पुणे
१३ जुलै २०२५

प्रिय रुपाली,

पाकिटावर 'सौ.' लिहिलं आहे. योगेशला विचारून लिहिलेलं नाही.

तुझ्याशी फोनवर बोलणार नाही असा शब्द मी त्याला देऊन बसले आहे. तुझी रिक्षा वळून गेली तरी तो दारातच उभा होता. मग म्हणाला, "ताई, तिचा फोन आला तर तू घ्यायचा नाहीस. माझी शपथ आहे." धाकटा भाऊ, त्यात आई गेल्यावर मीच वाढवलेला. मी हो म्हटलं. पत्राबद्दल तो काही बोलला नव्हता. टपाल खातं अजून चालू आहे हे त्याच्या ध्यानात नसावं. म्हणून हे पत्र, तुझ्या बँकेच्या अमरावती शाखेच्या पत्त्यावर.

गोदाबाईंचा उजवा हात हलायला लागला का? मला तुझा कितीही राग आला असला तरी एक कबूल करते. आईला अर्धांगवायू झाल्यावर एकुलत्या एक लेकीनं तिच्या गावी बदली मागून घेतली, यात गैर काही नाही. आम्हाला न सांगता मागितलीस ते योगेशला लागलं. आणि संस्कृतीला बरोबर नेते म्हणालीस, ते तर फारच लागलं. त्याला.

आता मूळ गोष्ट. तुझ्या लेकीचं शाळेत बरं चाललेलं नाही. बाई म्हणतात, "वह्या काढा, तारीख घाला, पान बेचाळीस उघडा" असं सांगितलं तर ही वही काढते आणि बसून राहते. पुढचं काही तिच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. डायरीत तीन वेळा शेरा आला. घरीही तेच. परवा खाली कोथिंबीर, लिंबू आणि आलं आणायला पाठवली, तर नुसतं लिंबू घेऊन जिन्यात उभी. योगेश ओरडला. ती म्हणाली, "सॉरी बाबा, मी विसरते." एखादी आपलं नाव सांगते ना, तशी म्हणाली.

शाळेनं चाचणी करून घ्या म्हणून सुचवलं आहे. वर्किंग मेमरी नावाचं काही असतं म्हणे, मुलांचं ते मोजतात. योगेश म्हणतो, माझ्या मुलीला काही झालेलं नाही. मी म्हटलं, झालेलं नसेल तर तसं कुणीतरी लिहून देईल, बिघडलं कुठं? शेवटी कबूल झाला.

तू तिच्या फोनची वाट बघत असशील. 'तिला नंबर दिला आहे, फोन करू द्या' हा तुझा मेसेज मी वाचला होता. उत्तर दिलं नाही. दहा वर्षांचं पोर आहे गं, मुलं विसरतात. तुझं नाव ती काढत नाही.

तब्येतीला जप. तिकडची हवा बाधत असेल, असं लिहिणार होते, पण ते तुझंच गाव.

ललिता


कसबा पेठ
३ ऑगस्ट

प्रिय रुपाली,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी दुकानातलं काम आटपून आले की आधी खालची टपालपेटी बघते.

काल चाचणी झाली. दुकानातून अर्धी रजा घेतली. शाळा सुरू होतानाची पाठ्यपुस्तकांची झुंबड आता ओसरली आहे, त्यामुळे मालकांनी फक्त एकदाच उसासा टाकला. कर्वे रस्त्यावर पूर्णिमा मॅडम म्हणून मानसतज्ज्ञ आहेत, पस्तिशीच्या, हळू बोलणाऱ्या. संस्कृतीला आत घेतलं आणि मला बाहेर बसवलं. मी म्हटलं, "मी बसते ना कोपऱ्यात, काही बोलणार नाही." त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही न बोलताही बोलाल." माणसाची पारख आहे.

सव्वा तासानं मला आत बोलावलं. संस्कृती बाहेर चित्र काढत बसली. मी विचारलं, "हिची स्मरणशक्ती कमी आहे का?"

"स्मरणशक्ती वेगळी," त्या म्हणाल्या. "ती घरातली कोठीची खोली. वर्षानुवर्षांचं सामान तिथं राहतं. मी बघते तो ओटा. एकीकडे फोडणी, एकीकडे चिरलेली भाजी, मळलेली कणीक, हे एका वेळी जेवढं मांडून काम करता येतं तेवढी जागा. काही मुलांचा ओटा लहान असतो. स्वयंपाक त्यांचाही होतो, फक्त त्यांना एकेक वस्तू द्यावी लागते. आणि वय वाढतं तसा तो वाढतो, अगदी पंधरा-सोळा वर्षांपर्यंत."

"मग हिचा लहान आहे?"

त्यांनी गुणांचा कागद पुढे ओढला. आकडे ऐकून ते तसेच म्हणायचे, यात संस्कृती चारवर अडकली. उलटे म्हणायचे, तर दोनवरच. तिच्या वयाची मुलं याहून बरीच पुढे जातात. पण टेबलावरच्या ठोकळ्यांना मॅडमनी ज्या क्रमानं बोट लावलं तो क्रम हिनं सरळही लावला आणि उलटाही. तिथं ती वयापेक्षा पुढे निघाली.

"डोळ्यांनी पाहिलेलं ती धरते. कानांनी ऐकलेलं सांडतं," मॅडम म्हणाल्या. "कान तपासून घ्या. आणि आणखी एक. दोन प्रश्नांच्या मधे तिचे ओठ हलतात. मी सांगितलेले आकडे ती म्हणत नसते. दुसरंच काहीतरी म्हणत असते."

"काय?"

"ते मला कळलं नाही. म्हणून आज अहवाल लिहीत नाही. एका दिवसाच्या गुणांवरून मुलाला नाव ठेवायचं नसतं. पुढच्या आठवड्यात नुसत्या गप्पा मारायला आणा."

योगेश म्हणाला, "कळलं नाही तर कळलं नाही म्हणावं. परत कशाला बोलावतात?" मी म्हटलं, तेच तर म्हणाल्या त्या. यावर त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. पण आज सकाळी मी ओट्याशी होते तर आला आणि म्हणाला, "ताई, मला पाच आकडे सांग, उलटे म्हणतो." चौथ्यावर अडकला. मग मीही करून बघितलं. माझं विचारू नकोस.

ओठ हलतात असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मला एक गोष्ट आठवली. कोणती, ते आज लिहीत नाही.

ललिता


कसबा पेठ
१० ऑगस्ट

रुपाली,

हे पत्र नीट वाच. मधेच फाडलंस तरी मी तुला दोष देणार नाही, पण शक्यतो शेवटपर्यंत वाचून मग फाड.

तिचे कान उत्तम आहेत. शुक्रवारी संध्याकाळी तिला पुन्हा मॅडमकडे नेलं. अर्ध्या तासानं दार उघडून त्यांनी मला बोलावलं. संस्कृती खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. मॅडमनी तिला विचारलं, "मला सांगितलंस ते आत्याला सांगू या?" तिनं माझ्याकडे खूप वेळ बघितलं. मग मान हलवली.

झालं होतं ते असं. मॅडमनी तिला चाचणीचं काही विचारलंच नाही. "तुझ्या डोक्यात असं काही आहे का, जे तुला खाली ठेवता येत नाही?" एवढंच विचारलं. तर ही म्हणाली, "खाली ठेवलं तर हरवेल."

"काय हरवेल?"

"आईचा नंबर."

निघताना तू तिला चिठ्ठीवर तुझा मोबाइल नंबर लिहून दिला होतास. दोन-दोन आकड्यांच्या जोड्या करून, तुझ्या त्या वऱ्हाडी हेलात, गाण्यासारखा तिच्याकडून म्हणून घेतला होतास. दुसऱ्या दिवशी शाळा सुरू झाली आणि कंपासपेटीतून चिठ्ठी नाहीशी झाली. तेव्हापासून पोरगी ते दहा आकडे मनात म्हणते आहे. उठल्यापासून. दात घासताना, वर्गात, जिन्यात, माझं आलं आणि कोथिंबीर आणताना. लिहून ठेवले तर बाबा बघतील म्हणून लिहिले नाहीत. बाई "पान बेचाळीस" म्हणाल्या की तिला भीती वाटते, बेचाळीस आत शिरला तर आतला एखादा आकडा बाहेर पडेल. म्हणून ती ऐकतच नाही.

मॅडम मला म्हणाल्या, "हिचा ओटा लहान नाही हो. भरलेला आहे. ओठांनी सतत आकडे म्हणत राहिलं की कानानं येणाऱ्या नव्या आकड्यांना जागाच राहत नाही. ठोकळ्यांना शब्द लागत नाहीत, म्हणून तिथं ती सुटली."

आणि तुला वाटतं तिनं फोन केला नाही. तिनं केला होता, रुपाली. जूनच्या शेवटी, खालच्या प्रेमलाकाकूंच्या मोबाइलवरून, गृहपाठ विचारायचाय असं सांगून. पलीकडे कुणी पुरुष होता. तो "राँग नंबर" म्हणाला, आणि दुसऱ्यांदा लावल्यावर खेकसला. तेव्हापासून कुठला आकडा चुकला ते शोधण्यासाठी ती आणखी जास्त म्हणते. आणि तू कदाचित तिकडे रागावली असशील, असंही तिला वाटतं.

आता माझं.

चिठ्ठी हरवली नव्हती. मी काढली. सोळा जूनला, तिचा डबा भरताना कंपासपेटी उघडी दिसली. चार तुकडे केले आणि ओल्या कचऱ्यात टाकले. कागद होता, खरं तर सुक्यात जायला हवा होता. कुणी काढू नये म्हणून ओल्यात टाकला, भाज्यांच्या सालांखाली. एवढा विचार करून केलेलं काम आहे, रागाच्या भरात झालं असं मी म्हणणार नाही.

योगेशच्या शपथेमुळे केलं असं मी इतके दिवस स्वतःला सांगत होते. शपथेत चिठ्ठी नव्हती. खरं सांगते, तिचा तुझा फोन सुरू झाला असता तर ती दिवाळीपर्यंतही इथं राहिली नसती. योगेशला कामं आहेत, मित्र आहेत. मला दुकान आणि ती. सकाळी तिच्या वेण्या घालते त्या दहा मिनिटांत मी दिवसभरात बोलते त्याहून जास्त बोलते. ती गेली तर घरात मी कुणाशी बोलू? एवढंच आहे सगळं. लिहून काढल्यावर किती लहान दिसतं बघ. आणि त्यासाठी दोन महिने त्या लेकराच्या डोक्यावर हे ओझं.

रिक्षातून येताना शनिवारवाड्याच्या पुढे अडकलो. नदीकडे ढोलांचा सराव चालला होता. मी तिला म्हटलं, "संस्कृती, तुझी चिठ्ठी मी काढली होती. मी फाडली. चुकलं माझं."

ती रडेल असं वाटलं. ओरडेल, हात झटकेल. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे मी हरवली नव्हती?"

"नाही गं."

"मला वाटलं मीच हरवली. मी सगळंच हरवते ना."

घराच्या जिन्यात तिनं माझा हात धरला नाही. रोज धरते.

मी तिला म्हटलं, "माझ्या मोबाइलमध्ये आईचा नंबर आहे, आत्ता लावून देते." तर म्हणाली, "चोरून नको. मागच्या वेळी चोरून केला तर तो माणूस ओरडला." बाबांना सांगून करायचाय तिला. काल राखी होती. योगेशला राखी बांधली, नारळीभात वाढला, ओवाळणीत हेच मागायचं असं ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि "भात अजून घे" म्हणाले.

आज रविवार. तो बाहेरच्या खोलीत पेपर वाचतो आहे. हे पाकीट आधी बंद करते, म्हणजे त्याच्याशी बोलणं कसंही झालं तरी मला यातलं काही खोडता येणार नाही. मग बाहेर जाते.

ललिता


कसबा पेठ
१७ ऑगस्ट

प्रिय रुपाली,

तुला हे पत्र मिळेल तोवर योगेश आणि संस्कृती इथं परतले असतील. आत्ता, मी लिहिते आहे तेव्हा, ती दोघं तुझ्याकडे आहेत. त्या रविवारी तुझा फोन वाजला त्याच्या आधी इकडे काय झालं हे तुला कुणी सांगितलं नसेल. तुझा नवरा सांगणार नाही. म्हणून मी.

मी बाहेरच्या खोलीत गेले आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. चिठ्ठी, ओला कचरा, प्रेमलाकाकूंचा फोन, डोक्यातले आकडे. योगेशनं पेपर खाली ठेवला नाही, पण वाचतही नव्हता. माझं संपल्यावर त्यानं हाक मारली, "संस्कृती, इकडे ये."

ती दाराशी आली. परकराचं टोक मुठीत.

"कुठला नंबर पाठ केलायस? म्हण बघू."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग डोळे मिटून तुझ्या हेलात म्हणायला लागली, एकेक जोडी. मी पहिल्यांदाच ऐकत होते. तुझा आवाज तिच्या तोंडून येत होता गं. तिसऱ्या जोडीला तिनं "अडतीस" म्हटलं आणि योगेश म्हणाला, "थांब. प्रेमलाकाकूंकडे फोन लावताना अडतीसचं कुठलं बटण आधी दाबलंस?"

"एट. मग थ्री."

"का?"

"आधी अड येतं ना. अड म्हणजे एट. मग तीस."

गणित इंग्रजीतून शिकलेलं पोर. शंभरापर्यंत मराठी आकडे तिला गाण्यासारखे येतात, पण लिहायला सांगितलं की उलटसुलट. यात तिचा दोष नाही, आपल्या आकड्यांचं तोंडच मागे आहे.

"थ्री आधी, बाळा," योगेश म्हणाला. "अडतीस म्हणजे थर्टी-एट. थ्री, एट. आणि शेवटची जोडी तू बरोबर म्हणतेस, तिथं लोक नेहमी चुकतात."

मी विचारलं, "तुला पाठ आहे?"

"ब्लॉक केलाय," तो म्हणाला. "विसरलेलो नाही."

मग त्यानं स्वतःचा फोन काढला, ब्लॉक काढून टाकला. फोन तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "तूच लाव." तिनं एकेक आकडा दाबला. तू उचललास आणि "हॅलो" म्हणालीस. ती काहीच बोलली नाही, आणि तू तिकडून तीन-चार वेळा "योगेश? योगेश?" करत राहिलीस, ते यामुळे. तिला काय बोलायचं ते सुचत नव्हतं. दोन महिने फक्त नंबरच म्हणत होती. पुढचं तिनं ठरवलंच नव्हतं.

त्यानंतरचं तुला माहीत आहे. तुम्ही बोलत असताना योगेश स्वयंपाकघरात आला आणि नळ सोडून त्यानं तोंड धुतलं. मला म्हणाला, "ताई, तू असं करायला नको होतंस." मी म्हटलं, "नको होतं." तो म्हणाला, "मीही." एवढंच. आमच्या घरात एवढं म्हणजे कीर्तन झालं.

पूर्णिमा मॅडमनी अहवाल दिला. त्यात त्यांनी लिहिलं आहे की पहिल्या दिवशीचे आकड्यांचे गुण मुलीची खरी क्षमता दाखवत नाहीत, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासावं. तीच चाचणी लगेच पुन्हा घेता येत नाही, मुलांना प्रश्न ओळखीचे होतात. शाळेला वेगळं पत्र दिलं, की हिला एका वेळी एक सूचना द्या आणि 'विसराळू' म्हणणं बंद करा. वर्गाच्या बाई भल्या आहेत. पत्र वाचून म्हणाल्या, "मी तिला तीन वेळा शेरा लिहिला हो," आणि चष्मा पुसायला लागल्या. मंगळवारी पान नंबर सांगितल्यावर हिनं लगेच उघडलं म्हणे. पण पाण्याची बाटली शाळेत विसरली, बुधवारी आणि गुरुवारीही. तेवढी विसराळू ती आहेच, ते माझ्याकडून आलंय.

गुरुवारी दुपारी योगेश तिकिटं घेऊन आला. पंधरा ऑगस्टला जोडून रजा टाकलीस का, असं मी विचारलं तर म्हणाला, टाकली. बॅग भरताना आरशासमोर काहीतरी पुटपुटत होता. तुला काय बोलायचं त्याची तयारी असावी. तिकडे पोचल्यावर त्यातलं त्याला किती आठवलं, ते कळव.

तिला तिकडे ठेवून घ्यायचं का, हे तुम्ही दोघं ठरवा, आणि तिला विचारून ठरवा. दिवाळीनंतर की पुढच्या वर्षी, की मुळीच नाही. मी मधे येणार नाही. हे मी मोठेपणानं लिहीत नाही. निघताना जिन्यात तिनं पुन्हा माझा हात धरला, आणि खाली रिक्षापाशी सोडला. मी वर येऊन तिचं दप्तर जागेवर ठेवलं, वेणीच्या रिबिनी धुऊन वाळत घातल्या. तीन दिवस घर शांत आहे. घाबरले होते तेवढं वाईट नाही. बरंही नाही.

तुझी क्षमा मी पत्रातून मागत नाही. लिहून मागितलेली क्षमा फार सोपी असते, समोरच्याचा चेहरा बघावा लागत नाही. तू इकडे येशील तेव्हा, किंवा मला बोलावशील तेव्हा, समोर बसून मागेन.

हे इथवर लिहिलं आणि फोन वाजला. योगेशचा नंबर. उचलला तर संस्कृती. मागे भांड्यांचा आवाज, गोदाबाई कुणाला तरी "अवं, बस ना जेवायला" म्हणत होत्या. संस्कृती आजीच्या हाताच्या व्यायामाबद्दल बोलली, आजी तिच्याकडून रोज दहा वेळा चेंडू दाबून घेते म्हणे, की ही आजीकडून, नीट कळलं नाही. मग मधेच थांबली. तिकडे कुणीतरी काहीतरी बोललं. आणि ती म्हणाली,

"आत्या, आई विचारते, तू जेवलीस का?"

अकरा जूनला तू बदलीचं सांगितलंस, त्या संध्याकाळपासून तू मला काही विचारलेलं नव्हतंस.

मी एक वाजताच जेवले होते. भांडी घासून पालथी घातली होती. पण "हो" म्हटलं असतं तर तेवढ्यावर संपलं असतं. मी म्हटलं, "नाही गं अजून."

"आई, नाही म्हणतेय!"

आणि मग लांबून, पण अगदी स्वच्छ, तुझा आवाज आला, "तीन वाजले. त्यांना म्हणावं, आधी जेवून घ्या."

फोन ठेवला आणि ताट घेतलं. थोडा भात, वरण, लिंबाची फोड. भूक नव्हती. सगळं संपवलं.

तुझी,
ललिताताई